‘मुंबईस गेला’ : डोंगरावरच्या एका वाडीचा इतिहास लिहिताना

वाडीचं आणि माणसांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत. ओळख पटेल असे एक-दोन तपशीलही बदलले आहेत.

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात, दापोलीच्या बाजूला, खाडीपासून चढत गेलेल्या एका डोंगराच्या कुशीत ही वाडी आहे. वर कातळाचा सडा म्हणजे उघडं पठार, खाली भातखाचरं, आणि मधून जांभ्या दगडाची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट. पाखाडीच्या दोन्ही अंगांना कौलारू घरं. घरं चाळीसच्या आसपास. त्यांतली निम्मी वर्षातून दोनदाच उघडतात, गणपतीत आणि शिमग्याला. पाऊस उघडला की सड्यावरून समुद्र दिसतो.

या वाडीच्या दोनशिक्षकी शाळेत मी अकरा वर्षं होतो. आता निवृत्त होऊन शेजारच्या गावात राहतो.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या एका कला महाविद्यालयातली मुलं निसर्गचित्रणासाठी इथे येऊ लागली. शाळेच्या पडवीत उतरायची, एका घरी जेवायची आणि सकाळपासून पाखाडीवर फळी मांडून बसायची. पुढे त्यांतले काही नावारूपाला आले, पण वाडीला विसरले नाहीत. दोघांनी इथे जमिनीचे तुकडे घेतले. त्यांच्यामागून त्यांचे मित्र आले, मित्रांमागून पर्यटक आले. आज नऊ घरांत राहण्या-जेवणाची घरगुती सोय आहे. एरवी बंद पडली असती अशी ही घरं आज दिवाबत्तीला उघडी असतात, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचताना ते विसरू नये.

हवापाण्यासाठी या भागात येण्याची रीत नवी नाही. पेशवाई बुडाल्यावर, १८१८ नंतर, इंग्रजांनी दापोलीला छावणी टाकली. ‘कॅम्प दापोली’ हे नाव तिथलं. आमची वाडी मात्र त्या छावणीच्या कागदांत कुठे नाही. तिच्यात शिरायला घाटही नव्हता आणि रस्ताही नव्हता. माणसं हर्णैला बोटीतून उतरायची आणि चालत चढायची.

अडचण कुठे सुरू झाली

तीन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीने ठरवलं की वाडीच्या तोंडाशी इतिहासाचा फलक लावायचा आणि पाहुण्यांना देता येईल अशी छोटी पुस्तिका काढायची. मजकूर लिहून द्यायला एक चित्रकार आपणहून पुढे आले. हा माणूस मनाने चांगला, वाडीवर जीव असलेला. त्यांनी महिनाभरात सुरेख भाषेत मजकूर लिहून दिला. विसरलेली ही वाडी कलावंतांच्या नजरेला पडली आणि जगासमोर आली, इथे काळ थांबलेला आहे, घरं शेकडो वर्षं जशी होती तशीच आहेत, असा त्याचा सूर होता.

ग्रामसभेत तो वाचून दाखवला. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. मग मागच्या बाजूला बसलेल्या एक आजी म्हणाल्या, “आमची घरं काढलानी, पन मानसं कुठं हायत?”

सभा हसली आणि पुढच्या विषयाकडे वळली. मी घरी आलो तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी जेवणाची सोय असलेल्या दोन घरांत जाऊन भिंतींवरची चित्रं पाहिली. पाखाडी, कौलं, फणस, ऊन, सावली. दहा चित्रांत मिळून माणसं तीन, तीही पडवीत बसलेली, पाठमोरी.

मजकुरातला ‘शोध लागला’ हा शब्दही टोचत होता. माथेरानचा शोध १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी लावला, असं पुस्तकांत असतं आणि मीही वर्गात तसंच शिकवलं. त्या डोंगरावर धनगर, ठाकर, कातकरी आधीपासून वावरत होते हे शिकवायला मला बरीच वर्षं लागली. तीच चूक माझ्या डोळ्यांदेखत दगडावर कोरली जाणार होती.

पुढ्यात असलेले पर्याय

सरपंचांशी बोललो. त्यांचा पहिला प्रश्न व्यवहाराचा होता. मजकूर तयार आहे, फलकाचे पैसे मार्चअखेर खर्च व्हायला हवेत, आता घोळ कशाला? आहे तसा छापणं हा सगळ्यांत सोपा मार्ग होता. दुसरा मार्ग म्हणजे ग्रामदेवतेची कथा, पालखीचा मान, पांडव एका रात्रीत बांधून गेले ती बाव (विहीर), एवढंच लिहायचं. त्याने कुणीच दुखावत नाही. पंचायतीतले बहुतेक जण याच बाजूचे होते. तिसरा मार्ग फलक सोडून देण्याचा.

मी चौथं मांडलं. आधी नोंदी वाचू, मग लिहू. त्याला वेळ लागणार होता आणि त्या वर्षीचे पैसे परत जाणार होते. सरपंचांनी दोन दिवस घेतले आणि हो म्हटलं. पैसे खरोखरच परत गेले. त्यावरून त्यांना पुढच्या सभेत बोलणी खावी लागली, ती त्यांनी निमूट ऐकली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय हाच, आणि तो माझा नव्हता.

मूळ मजकूर लिहिणाऱ्या चित्रकारांना कसं सांगायचं, हा पेच वेगळाच. मी फोनवर सांगितलं, ते चुकलं. त्यांना वाटलं वाडीने त्यांना झिडकारलं. समोरासमोर बसून, चहा घेत, आजींचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं असतं तर पुढचे चार महिने अबोला राहिला नसता.

काय केलं

सुरुवात मी माझ्या जुन्या ओळखीच्या कागदापासून केली, शाळेचं जनरल रजिस्टर. पटसंख्या घटून शाळा बंद झाली तेव्हा दप्तर केंद्रशाळेत गेलं होतं. दाखला काढायला आलेल्या माणसांसाठी हे रजिस्टर मी शेकडो वेळा उघडलं असेल. पण तेव्हा एक ओळ शोधायची, दाखला लिहायचा आणि मिटायचं. सलग वाचलं ते आता पहिल्यांदाच.

त्यात शेवटी एक रकाना असतो, शाळा सोडण्याचे कारण. मुलींपुढे ‘घरकामास्तव’ किंवा ‘लग्न झाले’. काही ठिकाणी ‘सतत गैरहजर’. आणि मुलग्यांपुढे पानामागून पान एकच नोंद, ‘मुंबईस गेला’. अक्षर बदलतं, शाई बदलते, मास्तर बदलतात, शब्द तेच. बारा वर्षांचा, तेरा वर्षांचा, कधी अकरा वर्षांचा. गिरणगावातल्या कामगारांत रत्नागिरी जिल्ह्याची माणसं फार मोठ्या संख्येने होती हे मला ठाऊक होतं. पण वाडीतल्या ज्या म्हाताऱ्यांना मी रोज रामराम करायचो त्यांची नावं त्या रकान्यापुढे वाचताना हात थांबला.

मग एक जागा आली जिथे उलटा प्रवाह दिसतो. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या जूनपासून रजिस्टरात मुंबईच्या म्युनिसिपल शाळांचे दाखले घेऊन मुलं दाखल होऊ लागली, दुसरीत, चौथीत, वर्षाच्या मध्यावरसुद्धा. बाप गावी परत आले होते. खोलीचं भाडं, खानावळ, फी, काहीच परवडेनासं झालं होतं. काहींच्या गिरण्या पुन्हा सुरूच झाल्या नाहीत.

आणि चित्रकला शिकणारी मुलं वाडीत पहिल्यांदा आली ती त्यानंतर काही वर्षांनी. पडवीत बसलेले जे पुरुष त्यांनी रंगवले, ज्यांच्या पाठीवरचं ऊन त्यांना आवडलं, ते काम गेलेले गिरणी कामगार होते. त्या चित्रांतला निवांतपणा आम्ही सगळ्यांनीच गावचा निवांतपणा म्हणून पाहिला. मीसुद्धा.

हे कळल्यावर कौलांकडेही नव्याने पाहावंसं वाटलं. मजकुरात घरं शेकडो वर्षांची म्हटली होती. त्या छपरांवरची सपाट, खाचेची कौलं मंगळुरी आहेत. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली, आणि ती कौलं आमच्या डोंगरावर पोचली ती त्याच्या कितीतरी नंतर. त्याआधी सगळी घरं गवताने शाकारलेली होती, असं वाडीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या दोघांनी सांगितलं. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाच्या जुन्या वर्गणीवह्या लालबागमध्ये एकांच्या माळ्यावर होत्या. त्या गणपतीत खाली आणवल्या. देवळाची कौलं, शाळेचे वासे, विहिरीची दुरुस्ती, सगळ्यांपुढे माणशी रुपया-दोन रुपयांच्या नोंदी आहेत. घरांची कौलंही अशीच आली, मनीऑर्डरीवर. ज्या छपरांमुळे वाडी चित्रात इतकी देखणी दिसते ती गिरणीच्या पगारातून चढलेली आहेत. साच्यासमोर आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसाने आपल्या आईच्या डोक्यावर ती घातली.

हे काम करणाऱ्या आमच्या समितीबद्दल थोडक्यात. आधी आम्ही चौघे पुरुष होतो. नावं गोळा करायला सड्यावर फिरलो तेव्हा लक्षात आलं की आम्हाला शेतांची नावं येतात आणि पाण्याची येत नाहीत. कोणता झरा मार्गशीर्षात आटतो, कोणता वैशाखापर्यंत टिकतो, कोणत्या डबक्यावर गुरं आणि कोणत्यावर कपडे, हे बायकांना माहीत. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जांभ्यातून तो निथळून जातो. उन्हाळ्यात हंडा कुठे न्यायचा, या ज्ञानावरच ही वाडी टिकली. बचत गटातल्या दोघी समितीत आल्या आणि एका दुपारी सतरा पाणवठ्यांची नावं मिळाली.

खोतीचा प्रश्न

या जागेपाशी मी आजही अडखळतो.

वाडीतलं सगळ्यांत मोठं घर, चौसोपी, लाकडावर कोरीव काम असलेलं, पूर्वीच्या खोतांचं, म्हणजे कुळांकडून गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांचं. आता तिथे पाहुणे उतरतात आणि चित्रकारांचं ते आवडतं ठिकाण आहे. मूळ मजकुरात त्याचं वर्णन एक पानभर होतं आणि त्यात खोती हा शब्द नव्हता. १८८० च्या खोती कायद्यापासून १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्यापर्यंत या जिल्ह्याचा इतिहास त्या शब्दाशिवाय लिहिता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं होतं. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून जो दीर्घ संप केला तोही याच जाचापायी. आमच्या वाडीतल्या जुन्या फेरफारांत १ एप्रिल १९५७ ही कृषक दिनाची तारीख अनेकदा येते. कुळं त्या तारखेपासून मालक झाली.

मी त्या घरच्या आत्ताच्या कर्त्या गृहस्थांकडे गेलो. नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. त्यांनी आतून मोडी कागदांचं एक बोचकं आणून पुढे ठेवलं आणि म्हणाले, “गुरुजी, हे वाचवून घ्या. मला वाचता येत नाही. खोती लिहा, ते खरंच आहे.” मग थोडं थांबून म्हणाले, “पण वेठ लिहू नका. पाहुण्यांसमोर माझ्या मुलांना ते वाचावं लागेल.”

खालच्या आवाटातल्या, म्हणजे खालच्या वस्तीतल्या, आणि बौद्धवाडीतल्या घरांत वेठीच्या आठवणी आहेत. भात झोडायला बोलावणं आलं की स्वतःचं शेत तसंच टाकून जावं लागे. लाकडं फोडायची, पालखी उचलायची, मोबदला नाही. हे सांगणारी माणसं बोलताना चिडत नाहीत, पण त्यांना ते लिहिलेलं हवं होतं. समितीत दोन बैठका झाल्या. फलकावर फक्त ‘१९५० पर्यंत ही वाडी खोतीत होती’ एवढं लिहायचं आणि पुस्तिकेत वेठीबद्दल सांगणाऱ्यांच्या शब्दांत एक परिच्छेद द्यायचा, असं ठरलं. घराचं नाव त्यात नाही. तडजोड मी सुचवली होती. त्या वेळी ती शहाणपणाची वाटली. फलक रोज सगळे वाचतात आणि पुस्तिका थोडे, हे मला तेव्हाही कळत होतं.

पाखाडीचा वाद

इतिहासाचं काम चालू असतानाच एक नवा तंटा उभा राहिला. बाहेरून येऊन जमीन घेतलेल्या एकांनी आपल्या हद्दीभोवती तारेचं कुंपण घातलं आणि वरच्या झऱ्याकडे जाणारी पाखाडी त्यात गेली. ते स्वतः चित्रकार. त्यांच्या खरेदीखताच्या नकाशात वाट दाखवलेली नव्हती, म्हणून त्यांनी सरळ मनाने कुंपण घातलं होतं.

तेव्हा अबोला धरलेल्या आमच्या पहिल्या चित्रकारांनी आपणहून फोन केला. त्यांच्याकडे तीस वर्षांपूर्वीच्या जलरंगांची चोपडी होती. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख आणि जागा. एका पानावर तीच पाखाडी, पायऱ्या मोजता येतील इतकी स्पष्ट, आणि वर झऱ्याचं दगडी पन्हाळं. चित्राच्या मागे पेन्सिलीने ‘पाणी भरायची वाट’ असं लिहिलेलं.

चित्र हा काही महसुली पुरावा नव्हे. म्हणून भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढली. त्यात खालच्या अर्ध्या भागात पायवाट तुटक रेषेने दाखवलेली निघाली, वरच्या अर्ध्यात नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अडवलेली वाट मोकळी करून मागता येते, पण अडथळा आल्यापासून सहा महिन्यांत. आम्ही तहसील कार्यालयात विचारायला गेलो तेव्हा चार महिने होऊन गेले होते. दावा तयार ठेवायचा आणि आधी बोलून पाहायचं, असं ठरवलं.

बोलणं झऱ्यापाशीच झालं, चोपडी आणि नकाशा दगडावर पसरून. खालच्या अर्ध्या भागातलं कुंपण त्यांनी त्याच आठवड्यात मागे घेतलं. वरच्या अर्ध्यासाठी ते तयार झाले नाहीत. त्यांचं म्हणणं, नकाशात नाही ते मी कसं मान्य करू? बायका तिथे आता वळसा घालून जातात. दावा करायचा की नाही यावर मतं फुटली. नऊ घरांचा व्यवहार त्यांच्या ओळखीच्या पाहुण्यांवर चालतो, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. मुदत निघून गेली.

निष्पन्न काय झालं

गेल्या वर्षी तीन फलक लागले. वाडीच्या तोंडाशी एक, झऱ्याकडच्या वाटेवर पाणवठ्यांच्या नावांचा एक, आणि बंद शाळेच्या भिंतीवर तिसरा. शाळेवरच्या फलकात रजिस्टरातल्या त्या रकान्याबद्दल लिहिलं आहे, कुणाचंही नाव न देता. ‘शोध’ हा शब्द कुठेही नाही. चित्रकारांचं येणं आहे, त्यांच्यामुळे घरं उघडी राहिली हेही आहे.

पुस्तिकेचं लेखन शेवटी पहिल्या मजकुराच्या लेखकांनीच केलं, नोंदी समोर ठेवून. भाषा त्यांची, म्हणून ती वाचवते. त्यांच्या सांगण्यावरून आता चित्रांसाठी येणारे विद्यार्थी ज्या घराचं चित्र काढतात तिथे आधी विचारतात, चित्रामागे घरमालकाचं नाव लिहितात आणि एक प्रत घरात देतात. सगळेच करतात असं नाही, पण बरेच करतात.

गणपतीत चाकरमानी आले तेव्हा शाळेवरच्या फलकासमोर एक सत्तरीचे गृहस्थ बराच वेळ उभे होते. मी शिक्षक होण्याच्या आधीचे ते विद्यार्थी. “माझ्यापुढं पन हेच लिवलाय काय?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते वळून बायकोला म्हणाले, “बघ, लिवलानी.”

पुन्हा करायचं झालं तर

आजींचं बोलणं पहिल्याच आठवड्यात नोंदवून घेईन. आम्ही कागदांच्या मागे लागलो. कागद कुठे पळून जात नव्हते. त्या पुढच्या पावसात गेल्या. गवती छपरं, पहिली मनीऑर्डर, वेठ, हे सगळं त्यांनी पाहिलेलं होतं, आणि आमच्याकडे त्यांचं एकच वाक्य आहे.

वर्गणीवह्यांची छायाचित्रं त्या दिवशीच काढून घेईन. दोन वह्या परत नेताना भिजल्या.

समितीत पहिल्या दिवसापासून बायका असतील. पाखाडीचं कुंपण कोणत्या दिवशी पडलं हे त्यांना नेमकं माहीत होतं. आम्हाला ते दोन महिन्यांनी कळलं. सहा महिन्यांच्या मुदतीत दोन महिने फार असतात.

वेठीचा शब्द फलकावर यायला हवा होता का? माझं उत्तर आता हो आहे. त्या गृहस्थांनी बोचकं स्वतःहून पुढे ठेवलं होतं. आणखी एकदा त्यांच्याकडे जाऊन बसलो असतो, खालच्या आवाटातल्या एखाद्याला बरोबर घेऊन, तर कदाचित तेही हो म्हणाले असते. मी एकटा गेलो आणि एकदाच गेलो.

आणि धनगरवाडा. सड्याच्या पलीकडे, चढावर, सहा घरं. वाडीचं दूध वर्षानुवर्षं तिथून आलं, गुरांच्या वाटा त्यांनी पाडल्या, आणि तीन फलकांत त्यांचा उल्लेख एका ओळीचा. त्यांची मुलं आमच्या शाळेत यायची. रजिस्टरात त्यांच्या नावांपुढे ‘मुंबईस गेला’ नाही, ‘सतत गैरहजर’ आहे. पावसात ओढा ओलांडता येत नसे, म्हणून. ती नोंद करणाऱ्यांत मीही होतो. शिमग्याची पालखी त्यांच्या दारी जाते त्या दिवशी बचत गटातल्या त्या दोघी आणि मी वर जाणार आहोत. चौथ्या फलकाचा दगड घडवून शाळेच्या पडवीत ठेवला आहे, त्यावर अजून काही कोरलेलं नाही.